नंबर विचारणारी माणसं

कपाट आवरताना बाबांचा पत्र्याचा डबा हाती लागला. झाकण उघडलं आणि पितळ घासायच्या पॉलिशचा तो उग्र, डोक्यात जाणारा वास खोलीभर पसरला. आमच्या अमरावतीच्या घरात हा वास आला की समजायचं, उद्या बाबा कुठल्यातरी जखमी जवानाला भेटायला निघणार. एकाहत्तरची लढाई पाहिलेले ते निवृत्त हवालदार. सोबत त्यांच्याच वयाचे आणखी दोघे जुने शिपाई. तिघांचे मिळून गुडघे सहा, आणि धड एकही नाही. वऱ्हाडातल्या वैशाखातही कोट चढवून, छातीवर पदकं लावून ही मंडळी निघायची, आणि गाडी चालवायला मी.

त्यांचे नियम ठरलेले होते. खाटेपाशी रडायचं नाही. 'बिचारा' म्हणायचं नाही. फळं न्यायची नाहीत, कारण ती सगळेच आणतात आणि शेवटी पाहुणेच खातात. आणि पहिला प्रश्न तब्येतीचा नव्हे, फौजेतल्या नंबराचा. "नंबर बोल, जवान!" बाबा दारातूनच गरजत. भरती झाल्यावर मिळालेला तो आठ आकडी नंबर शिपायाच्या हाडात मुरतो, असं त्यांचं म्हणणं. मला ही पद्धत फार रुक्ष वाटायची. पण वेदनेनं पिळवटलेला एखादा पोरगा तो प्रश्न ऐकून उशीवरच ताठ होताना मी पाहिला होता, म्हणून गप्प बसायची.

त्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. वाटेत मूर्तिजापूरला चहा झाला, आणि कोणाची पलटण आधी पुढे गेली यावरून तिघांचं नेहमीचं भांडणही झालं. जठारपेठेतल्या एका दवाखान्यात तेल्हाऱ्याकडचा एक जवान होता. स्फोटात डोक्याला मार लागलेला. लष्करी इस्पितळातले उपचार आटोपून घराजवळ आणलेला. जखम भरत आली होती, पण तो कोणाला ओळखत नव्हता. उशाशी त्याची आई बसली होती, कापसाच्या वावरात उन्हानं रापलेली, पदर कमरेला खोचलेली. "मले मॅडम म्हनते जी," ती बाबांना म्हणाली. "पोटच्या पोराची मी मॅडम झाली."

बाबांनी नेहमीप्रमाणे आरोळी दिली. इतके दिवस भिंतीकडे पाहत पडलेला तो मुलगा झटकन वळला आणि हिंदीत, एका दमात, आठही आकडे म्हणाला. म्हातारे हरखले. एकानं टाळी वाजवली, दुसऱ्यानं मिशीला पीळ दिला; गड सर केल्यासारखे तिघे एकमेकांकडे पाहू लागले. आई मात्र उठून बाहेर गेली. मी मागोमाग गेले तर व्हरांड्यातल्या बाकावर ती तोंडात पदर कोंबून रडत होती. बाबाही आले. "नंबर याद हाये त्याले," ती त्यांना म्हणाली. "नऊ महिने पोटात वागवलं, थे याद नाई. काहून आले तुमी?"

बाबांनी उभ्या आयुष्यात कोणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशीही मागितली नाही. ते तिच्याशेजारी बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, थो नंबर तुमी बी शिका. त्याच्या घरचा रस्ता सध्या तिकूनच जाते." मग दुपारभर शिकवणी चालली. आयुष्यभर रंगरुटांवर खेकसलेला माझा बाप एकेक आकडा हळू म्हणून दाखवत होता, आणि ती शाळा न पाहिलेली बाई बोटांच्या पेरांवर तो धरून ठेवत होती. चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची. चार वाजता पदर सावरून ती आत गेली, खाटेपाशी उभी राहिली आणि मराठीत आकडे म्हणू लागली. पाच बरोबर आले. सहाव्याला ती अडखळली आणि सात म्हणाली.

मुलाच्या कपाळाला आठी पडली. "सात नाई व माय," तो वैतागून म्हणाला, "नऊ."

मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि सहाव्या जागी पुन्हा सात म्हणाली.

नियमाप्रमाणे खाटेपाशी कोणी रडलं नाही. बोरगाव मागे पडल्यावर गाडीत तिघेही रडले.

आता त्या तिघांपैकी कोणी उरलं नाही. शेवटच्या वर्षी बाबांच्या आठवणीतून आधी गल्ली गेली, मग नातवंडं, मग मी. मला ते सिस्टर म्हणू लागले. तेव्हा मीही रोज सकाळी त्यांचा नंबर म्हणायची आणि एक आकडा मुद्दाम चुकवायची. ते चिडून दुरुस्त करत. त्या माउलीचं भाग्य माझ्या वाट्याला आलं नाही. माझं नाव त्यांच्या तोंडी पुन्हा आलंच नाही. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण लहानपणी पाढा चुकला की ते ज्या सुरात माझ्यावर डाफरत, तो सूर अगदी तसाच होता. माणूस जाण्याआधीच त्याच्यातलं एकेक काही निघून जातं, आणि मागे काय राहील हे आपल्या हाती नसतं. माझ्यासाठी त्यांचा राग राहिला होता. तो ऐकायला मिळावा म्हणून मी शेवटच्या दिवसापर्यंत चुकत राहिले.