पाठमोऱ्या बाया

"सूनबाई, पाठ कर तिच्याकडे. नव्या नवरीवर या लोकांची नजर पडू नये."

नागपूरच्या महाल भागातल्या आपल्या दिवाणखान्यात मालकीणबाई हे सुनेला सांगत होत्या. मी समोरच बसलेली. सतरंजी गुंडाळून मोकळ्या केलेल्या फरशीवर. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड, हातात ब्रश, शेजारी शाईची दौत. दिवाणखाना एवढा मोठा की आमची कामठीची अख्खी वस्ती तिथं पंगतीला बसली असती आणि वरून दोन बैलगाड्या वळल्या असत्या. पण माझी नजर ठेवायला तेवढी तिथं जागा नव्हती.

सून वळली. अंगावर दुकानातली सगळ्यात भारी साडी.

मालकांचं साड्यांचं दुकान होतं. दिवाळीला वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची होती. तेव्हा फोटो छापला की काळा डाग उमटायचा, साडीचा काठ कुठं अन् बाई कुठं, काही कळायचं नाही. म्हणून चित्र पाहिजे. पुतळ्याला साडी नेसवून काढलेलं चित्र मालकांना मेलेलं वाटलं, म्हणून घरची सून उभी केली. आणि स्वस्तात काढून देईल अशी कोण, म्हणून मी.

उठून जाता आलं असतं. थाप. नसतं आलं. माझा बाप धम्माची दीक्षा घेऊन आला तेव्हापासून मान अशी ताठ ठेवून चालायचा की झाडाच्या फांद्या बाजूला व्हायच्या. पण बाप मेला, अन् त्याच्यामागं माझं चित्रकलेचं शिक्षण वर्षभरात सुटलं. माय विड्या वळून वळून छातीत तंबाखूचं गोदाम घेऊन बसली होती. ती खोकली की कन्हानच्या पुलावर मालगाडी थांबायची. माझ्याजवळ फक्त हात होता. मी मान खाली घातली आणि पाठ काढली.

काय पाठ काढली म्हणून सांगू. आत नुसता जाळ. मानेपासून टाचेपर्यंत एकच रेघ, ब्रश मध्ये कुठं उचललाच नाही. साधी बाई स्वतःच्या डोक्याच्या सातपट उंच असते. फॅशनच्या चित्रात तिला नऊपट करतात. मी रागाच्या भरात दहावर नेली.

दिवाळीला जाहिरात आली आणि नागपूर येडं झालं. सीताबर्डीवर बाया चित्र दाखवून अशाच पाठीचा ब्लाउज मागू लागल्या. प्रतापनगरच्या एका लग्नात सगळ्या वऱ्हाडणी फोटोवाल्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि फोटो धुऊन आले तेव्हा आपली बायको कोणती यावरून नवऱ्यांची भांडणं झाली. शिंप्यांनी ब्लाउजला पुढची बाजू लावणंच सोडलं, असं लोक म्हणायचे. म्हणजे मीच म्हणायची.

तेव्हापासून दर सणाला मी महालात. चित्राखाली माझं नाव नसायचं, पण या धंद्यातली माणसं मला 'पाठवाली' म्हणून ओळखू लागली. ही शैली सुचली कुठून, असं विचारायची. एकाला सांगितलं, लेण्यांत एक पाठमोरी दासी पाहिली. दुसऱ्याला सांगितलं, स्वप्नात एक बाई आली आणि तोंड न दाखवता गेली. मालक सांगायचे, भारतीय स्त्रीची मर्यादा आहे ती. त्यांची थाप माझ्यापेक्षा चांगली होती, लगेच खपायची.

मालकीणबाई मात्र दर वेळी तेवढंच बोलायच्या. "पाठ कर." सून वळायची. तीन वर्षं मी त्या बाईला काढत होते. बाजारात समोरून आली असती तर ओळखली नसती.

मग माय अंथरुणाला खिळली. एका दुपारी म्हणाली, "माझं बी एक चित्र काढ न वं. साऱ्या दुनियेच्या बाया काढते."

मी बोर्ड घेऊन बसले. माय उशीला टेकून, डोळे माझ्यावर. कागदावर पाठ उतरली. फाडला. दुसरा घेतला. पुन्हा मान, पाठ, टाच. मुद्दाम तोंडापासून सुरुवात केली, तर अंड्यासारखा एक गोल आला आणि त्या गोलात काही भरेना. डोळे काढले, ते शर्टाच्या बटणासारखे. कागदांचा ढीग कौलांना लागला. मायच्या सुरकुत्या मला अंधारात हातानं मोजता आल्या असत्या, पण ब्रशाला तिचं तोंड सापडत नव्हतं.

मायनं एक कागद उचलला. "ही मी होय काय?"

"हो."

"मी तं तुले तोंड दाखवून बसली न वं. मंग पाठ काहून काढली?"

तेव्हा मी तिला महालातली गोष्ट सांगितली. पहिल्यांदा, आणि मीठमसाला न लावता. ती ऐकत राहिली. खोकलीही नाही.

"म्हंजे हा हात तुले त्या मालकिणीनं शिकवला," ती म्हणाली, आणि कागद पालथा ठेवला.

मला वाटायचं माझ्याजवळ फक्त हात आहे. तोही माझा नव्हता.

पुढच्या दसऱ्याला महालात मुंबईचा एक साहेब आला होता. मोठ्या कापडगिरणीच्या जाहिराती त्याच्याकडे. मासिकांत पानभर चित्रं, खाली माझं नाव. ज्याच्यासाठी मी तीन वर्षं फरशीवर बसले ते सगळं त्याच्या बॅगेत होतं. त्याची अट एकच. चेहरे नकोत. "चेहरे कोणीही काढतं," तो म्हणाला. "पाठ ही तुमची सही आहे."

सून साडी नेसून आली. मालकीणबाई म्हणाल्या, "पाठ कर."

मी म्हटलं, "ताई, समोर पाहा. मला तोंड काढायचं आहे."

सून अर्धी वळली. एक कान दिसला, गालाची कड दिसली. मालकीणबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती परत फिरली.

मालक हसले. कलावंतांची लहर असते, असं काहीतरी साहेबाला सांगू लागले. मी साहेबालाच म्हटलं, "ही शैली नाही, साहेब. हा यांचा हुकूम आहे. माझी नजर पडू नये म्हणून हिला फिरवली, आणि त्याच्यावर मी तीन वर्षं पोट भरलं."

साहेबानं चष्मा पुसला. म्हणाला, "कारण काही का असेना, बाई. चित्र सुंदर आहे ना?"

मालकीणबाई म्हणाल्या, "घरात घेतलं, तिथंच चुकलं."

मी उठले. त्या पांढऱ्या फरशीवर दौत उलटवून आले, असं मी नंतर कामठीभर सांगत फिरले. नाही उलटवली. झाकण घट्ट लावलं आणि पिशवीत टाकली. शाई माझी होती.

माय त्या हिवाळ्यात गेली. तिचं तोंड तोवर मला जमलं नव्हतं.

आता मी आधी डोळे काढते. डोळे आले तर तोंड, तोंड आलं तर साडी. नाही आले तर बाई तशीच राहते, तिला काही नेसवत नाही. बसस्टॉपवर, नळावर, विडीच्या कारखान्याच्या दारात बसून काळ्या, बसक्या नाकाच्या, सात डोक्यांवर संपणाऱ्या बाया काढते. हात अजून पाठीकडेच पळतो. त्याला ओढून आणते.

परवा कामठीच्या एका शिंप्यानं दुकानात लावायला माझं चित्र घेतलं. चार दिवसांनी बोलावलं. म्हणाला, "ही बाई गिऱ्हाइकाकडं लय टक लावून पाहून राहिली, ताई. बाया बिचकतात. थोडीशी मान वळव न तिची."

"नाही वळवत."

त्यानं चित्र उतरवून माझ्या हातात दिलं.

घरात मायचं सूप आहे. दिवसा त्यात पानं घेऊन विड्या वळते. मासिकात दुसरा कोणीतरी पाठी काढतो, माझीच रेघ चोरून, आणि खाली त्याचं नाव असतं. काढू दे. माझी चित्रं कोणी छापणार नाही, कदाचित मी मरेपर्यंत नाही. तरी माझ्या हातून यापुढे एकही बाई पाठ करणार नाही. पाहायचं त्यानं तिच्या डोळ्यांत पाहावं. नसेल झेपत, त्यानं वळावं.