उतारावरची ट्रॉली आणि बहिणीचा आरसा

भरलेली ट्रॉली जोडल्यावर ट्रॅक्टर उतारावर कोणत्या गिअरात चालवावा, हा माझा प्रश्न होता. जयसिंगपुरात घेतलेल्या फरश्या आणि बहिणीच्या लग्नाचे आरशाचे कपाट आम्ही शिरोळला नेत होतो. पुलाच्या उतारावर, ट्रॅक्टर चालवणाऱ्या काकांनी गिअर काढून तो न्यूट्रलमध्ये टाकला.

“काका, गिअर!” मी ओरडलो.

“मास्तर, फुकटचा उतार हाय की! डिझेल वाचतंय.”

ट्रॉलीला ही बचत मान्य नसावी. ती आम्हाला मागून ढकलू लागली. काकांनी करकचून ब्रेक दाबला. डिझेल वाचले, आरसा मात्र वाचला नाही.

घरी बहीण तुकडे पाहून म्हणाली, “काका, आता डिझेलात तोंड बघू व्हय?”

उत्तर असे: भरलेल्या ट्रॉलीसह ट्रॅक्टर ज्या गिअरात तोच उतार वर चढला असता, त्याच गिअरात खाली उतरावे. वाचकांनी पुढच्या उताराआधी आपला गिअर स्वतः तपासावा.