टोन शे

कुठंही फोन दिसला की तो रिसीव्हर उचलून कानाला लावायचा. लग्नघरात, दवाखान्यात, एकदा तर आमच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावरचासुद्धा. क्षणभर डोळे मिटायचा, मग त्याच्या अहिराणीत म्हणायचा, "टोन शे." म्हणजे टोन आहे, लाइन चालू आहे. आणि जगात सगळं ठीक असल्यासारखा रिसीव्हर जागेवर ठेवायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी एकच पाहिला.

सुरतच्या टेलिफोन ऑफिसात मी कारकून, तो लाइनमन. राहायला डिंडोलीत, जीव मात्र नंदुरबारकडच्या त्याच्या गावात. गावात वीज नव्हती. तरी शाळेत त्यानं फोन आणलाच. रजा टाकून शेवटचे खांब स्वतः रोवले. पुढं आमच्याकडे इंटरनेट आलं, तेव्हा तेही शाळेत न्यायचा त्यानं ध्यास घेतला. कतारगामच्या एका शेठनं टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यानं भुसावळ पॅसेंजरमधून मांडीवर घेऊन नेला.

"अरे, वीज कुठंय तुमच्याकडे?" मी चिडवायचो.

"वीज नाही, साहेब. पण चक्की शे ना!"

म्हणजे पिठाची चक्की. तिच्या डिझेल इंजिनाला डायनामो जोडून ट्रॅक्टरची बॅटरी भरायची, तिच्यावर कॉम्प्युटर चालवायचा. एरवी चक्की तासभरच चाले. म्हणून त्यानं श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवसाचा शनिवार धरला. त्या दिवशी नैवेद्याच्या रोटांचे गहू दळायला सगळं गाव येतं, इंजिन थांबत नाही. मलाही त्यानं ओढून नेलं.

पोरांना देवमासा बघायचा होता. मोडेम किरकिरला, पोरं खिदळली. चित्र वरून एकेक रेघ उतरू लागलं. आभाळ, पाणी, थोडी काळी पाठ. आणि पडदा विझला.

तो चक्कीवर धावला. कानबाईचं दळण सोवळ्यानं, धुतलेल्या चक्कीवर होतं. त्यात तेजाबाचं खोकं नको, म्हणून चक्कीवाल्यानं बॅटरी सकाळीच बाहेर ठेवली होती आणि दुपारी न भरता तशीच शाळेत पोचवली होती. जन्मभर कानबाई बसवणारा माणूस नेमकं हेच विसरला होता.

"मन्हंच चुकनं," तो पोरांना म्हणाला. "पुढला शनिवारले दखाडस."

गुरुवारी सुरतजवळ कडोदऱ्याला तुटलेली लाइन जोडताना तो खांबावरून पडला. मी दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. मी चारचौघांत रडलो.

देवमासा दाखवायचं त्यानं कबूल केलेल्या शनिवारी कुणीच गेलं नाही. त्यानंतरच्या शनिवारी मी गेलो. चक्कीवाल्यानं बॅटरी भरून शाळेत आणून ठेवली होती. तो माझ्याकडे वर बघेना.

पोरं रांगेत बसली होती. मी रिसीव्हर उचलला. टोन होता. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ते दोन शब्द काही माझ्या तोंडून निघेनात. शेवटी मी रिसीव्हर पुढच्या मुलीच्या कानाला लावला.

तिनं डोळे मिटले.

"टोन शे," ती म्हणाली.