नापास झालेली राई

सदानंद बेंडखळे गेला हे मला कोर्टाच्या व्हरांड्यात कळले. त्याच्या कॉलेजातला शिपाई एका दाव्यात साक्षीला आला होता. नाव पुकारायची वाट बघता बघता तो म्हणाला, "वकीलसाहेब, बेंडखळे सर पहाटे गेले. हार्ट." पुढच्या आठवड्यात शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी एक मोठे साहेब होते. त्यांनी सदानंदला 'निसर्गाचा पुजारी' म्हटले, आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही या संभ्रमात सभा जरा चुळबुळली. पुजाऱ्याला निदान नारळाची भकले तरी मिळतात, असे सदानंद तिथल्या तिथे म्हणाला असता. साहेबांचा आणि सदानंदचा संबंध कसा आला होता हे मात्र सभेत कोणी काढले नाही. शोकसभेत ते काढायचे नसते. म्हणून महिनाभर थांबून इथे लिहितो आहे.

सदानंद रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र शिकवायचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी येईपर्यंत पत्रावळ उलटी करून पाने कसली आहेत ते पाहणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. देवाला हात जोडताना मी त्याला कधी बघितले नाही. पण हेदवीच्या अलीकडे, आतल्या अंगाला एका गावची राई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, हा त्याचा जीव होता. गावाचे नाव लिहीत नाही. गावाला आमच्यामुळे पुरेसा त्रास झाला आहे. चहूकडे उघडा जांभा आणि मधल्या खोलगटात ही काळीभोर राई... गारंबीचे मांडीएवढे वेल, पायाखाली वाळक्या पानांचा पातेरा आणि त्याखालून झिरपणारे पाणी. तिथले झाड तोडायचे तर देवाला कौल लावावा लागे. गुरव पाषाणावर ओली फुले चिकटवून प्रश्न विचारणार. उजवे फूल पडले तर परवानगी, डावे पडले तर नाही. "जगातलं सगळ्यात स्वस्त वनखातं," सदानंद म्हणायचा.

ऐंशी साल उजाडले आणि हे खातेही डळमळले. आसपासच्या गावांनी देवळांवर स्लॅब घालायला राया विकल्या. देवही कौल देऊ लागला, विशेषतः ठेकेदाराने सिमेंट देऊ केल्यावर. त्याच सुमारास अशी राखीव राने तपासून त्यांचे संवर्धनमूल्य ठरवायला एक समिती नेमली गेली. जाती किती, दुर्मीळ किती, पाणी आहे का, नवी रोपे उगवतात का, याला गुण. चांगले गुण पडले की सरकारी संरक्षण. सदानंदने त्या समितीच्या मागे वर्षभर हेलपाटे घातले. शेवटी समितीचे प्रमुख, हेच ते शोकसभेतले साहेब, यायला तयार झाले आणि सदानंदने उत्साहाने गावाला तसे कळवले.

मीही बरोबर गेलो होतो. जीप थांबली आणि सदानंद उतरताच जागच्या जागी उभा राहिला. राई झाडून काढली होती. पातेरा नाही, झुडपे नाहीत, रोपे नाहीत. वेल छाटलेले. प्रत्येक झाडाला कमरेपर्यंत चुना आणि वर गेरूचा पट्टा. मधे शेणाने सारवलेली जागा आणि तिच्यावर खुर्च्या.

"वा!" साहेब म्हणाले. "काय टापटीप आहे!"

सदानंदने गुरवाला बाजूला घेतले. "बाबू, हे काय केलंत रे?"

"सर, तुमीच सांगितलात, मोटे सायेब येतायत. पावन्यांना काय पातेऱ्यात बसवायचं? गावाची लाज गेली आसती."

"आणि देवाला विचारलंत?"

"न विचारता कसा हात लावू? कौल लावला ना. देवानं उजवी दिलीन."

साहेब शहाळे प्यायले, टापटिपीचे पुन्हा कौतुक केले आणि 'नवी रोपे' या सदरात शून्य दिले. राई नापास झाली. परतीच्या वाटेवर मी समितीला शिव्या घालू लागलो तर सदानंद माझ्यावरच उखडला. "शून्य बरोबर आहे रे. मी असतो तर मीही शून्यच दिलं असतं. चीड त्याचीच येते."

पंधरवड्याने तो मला घेऊन पुन्हा त्या गावी गेला आणि बाबू गुरवाला म्हणाला, "माझ्यासाठी कौल लाव." बाबूने पाषाणावर फुले चिकटवली. मग गाऱ्हाणे झाले: "बा देवा म्हाराजा, ह्यो मास्तर तुज्या पायाशी आलाय. राईत कोयता चालायचा न्हाय, पातेरा उचलायचा न्हाय, रोप-पान कायबी तोडायचं न्हाय, आसं मागतोय. मान्य आसंल तर उजवी दे." फूल बराच वेळ लोंबत राहिले... आणि उजवे पडले. "होय म्हाराजा," गाव म्हणाले.

"काय रे, विज्ञानाचं काय झालं?" मी डिवचले.

"ज्या खात्याचं लोक ऐकतात त्या खात्याकडे अर्ज केला," तो म्हणाला.

दोन पावसाळ्यांत राई पुन्हा भरली. चुना धुऊन गेला, रोपे गुडघ्याला लागू लागली. सदानंदने फेरतपासणी मागितली. समितीने कळवले, प्रत्येक जातीचा दाबून वाळवलेला नमुना जोडा. तो कात्री घेऊन गेला, तर हद्दीवर बाबू आडवा उभा.

"पान तोडायचं न्हाय, सर. तुमीच मागून घेतलात."

"अरे, एकेक डहाळी. तुमच्याच राईसाठी!"

"मग परत विचारू."

विचारले. डावे पडले. पुढच्या खेपेलाही डावे. गुपचूप खुडून आण, कोण बघतो, असे सगळ्यांनी सुचवले, मीही सुचवले. तो भडकला. "मी एक पान तोडलं की उद्या ठेकेदार माझं नाव सांगून आख्खी राई तोडील." त्याने झाडांची चित्रे काढून नेली. चित्रे चालत नव्हती. "नमुन्याशिवाय झाड आहे हे आम्ही कसं मानायचं?" साहेबांनी विचारले. "त्याच्याखाली उभे राहून," सदानंद म्हणाला. प्रकरण बंद झाले.

त्यानंतर तो चिडका झाला. राई तर वाचली ना, असे मी समजावू लागलो की म्हणे, "देवाच्या दारात वाचली, कागदावर नाही. रस्ता आखणारा कागद बघतो." पुराव्याशिवाय खरी गोष्टही कशी हरते हे बघण्यातच माझा जन्म गेला आहे. शेवटच्या भेटीत त्याने राईचा विषयच काढला नाही. काढला असता तर बरे वाटले असते.

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो होतो. वहिनींनी कपाट उघडले. जाड कागदांवर चिकटवलेल्या वाळक्या फांद्या, गावागावाचे वेगळे गठ्ठे. एक गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "हे रद्दीत घालू का, भाऊजी? यांत काहीच नाही."

प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात सदानंदच्या बारीक अक्षरात झाडाचे नाव होते, त्या राईचे नाव होते, झाड पाण्यापासून कुठल्या अंगाला आहे ते होते. बाकी कागद कोरा. राहू द्या म्हणालो. वरच्या कागदावर मधोमध गोंदाच्या पट्ट्यासुद्धा लावून ठेवल्या होत्या, एका टोकाने चिकटवलेल्या, दुसरे टोक मोकळे... देठ ठेवला की वरून दाबायच्या.