काकूंचं सामान माडीवर

शिवाजी पेठेतल्या आमच्या संयोगिताकाकू माडी भाड्यानं देतात. परवा करसल्लागारानं त्यांना समजावलं, "घरभाड्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, त्यात फ्रीज-सोफा वेगळा धरत नाहीत. पण करारात सामानाचं भाडं वेगळं लावलंत, तर त्या सामानाची झीज दरवर्षी उत्पन्नातून वजा होते."

झालं! काकूंच्या अंगात वारंच शिरलं. घरातला फ्रीज, टीव्ही, सोफा, सगळं माडीवर चढवलं. हंबीररावकाका ओरडले, "मला तरी खाली ऱ्हाऊ दे की!"

संध्याकाळी फुटबॉलची मॅच लागली. काका मुकाट्यानं वर जाऊन सोफ्यावर पसरले. मागोमाग काकू दुधाचं पातेलं घेऊन दारात हजर.

भाडेकरू मृत्युंजयनं हात जोडले. "काकू, दूध ठेवा फ्रीजमध्ये. पण सोफा लवकर झिजावा म्हणून काकांना धाडलंय व्हय?"