श्रावणातली निवळ

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. दर महिन्याला फादरांपुढे गुडघे टेकून कुमसार करते, पापं कबूल करते. रागावले, रविवारची मिसा चुकवली, कुणाच्या पाठीमागे बोलले, सगळं सांगते — आणि हे एवढं गाळून उठते. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तितकं सोपं नाही ते.

आधी एक सांगून टाकते, मी मानी बाई आहे. मालवणजवळच्या खाडीकाठी आमची वाडी, आणि वाडीत ख्रिस्ती घर आमचं एकच. त्याचा मला अभिमान आहे. नाताळात माझ्या नेवऱ्या घरोघर जातात. कुणी आजारी पडलं की पहिली मी पोचते, पेज भरवते, धीर देते. येशूने शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं, तर ते करून दाखवायला नको? गळ्यात नुसता क्रूस घालून काय होतं? हे मी आजही ताठ मानेने म्हणते. खोटं आहे ते यात नाही — पुढे आहे.

माझी शेजारीण सुनंदा. तिच्या नवऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा नेमका श्रावण सुरू होता. त्याला कुर्ल्यांची निवळ पाजा, ताकद येईल, असं सगळे सांगत होते. निवळ म्हणजे खेकड्यांचं पातळ, तिखट सार. पण श्रावणात आमच्या वाडीतल्या एकाही हिंदू घरात असलं काही चुलीवर चढत नाही, आणि सुनंदा तर नवऱ्याच्या उशाशी बांधलेली. अशात एका सकाळी तिच्या-माझ्या परसांमधल्या दगडी गडग्यावर गरम निवळीची किटली आली. दुसऱ्या सकाळीही आली. मग रोजच. श्रावणात कुर्ल्या शिजवणार कोण? ख्रिस्तांवाचंच घर. सुनंदाने मनाशी ठरवून टाकलं.

मी शिजवत नव्हते. खरं सांगू? मला ते सुचलंसुद्धा नव्हतं. मी दोनदा जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून आले होते आणि माझं मी समाधानात होते.

शिजवत होती लक्ष्मी — सुनंदाची जाऊ. हद्दीवरच्या एका फणसावरून दोघींचं बोलणं आठ वर्षं बंद होतं. लक्ष्मीचा नवरा देवळाचा मानकरी, घरात श्रावण कडक. मी एका सकाळी लाकडं आणायला गेले, तर ही त्यांच्या मांगराच्या, गवत-लाकडं ठेवायच्या खोपीच्या, मागे तीन दगड मांडून, वेगळ्या टोपात कुर्ल्या रटरटवत बसलेली. धुराने डोळे लाल. मला बघून दचकली, मग म्हणाली, "कोणाक सांगा नको गो. माझ्या हातचा म्हणान कळला तर ती भावजींका देवची नाय." किटली मुद्दाम माझ्या बाजूच्या गडग्यावर ठेवत होती, म्हणजे संशय माझ्यावर जावा.

त्याच आठवड्यात सुनंदा माझ्या दारात आली. माझे दोन्ही हात धरले. "आनीबाय, तुझ्या निवळीन माझो घोव उठान बसलो."

काय म्हणायला हवं होतं मी? ती माझी नव्हे, एवढं पुरे होतं. कुणाची ते सांगायची गरजच नव्हती. मी म्हटलं, "शेजारधर्म गो तो. त्यात काय मोठा?"

लक्ष्मीने गुपित राखायला सांगितलं होतं. श्रेय घ्यायला नव्हे. हा फरक मला तेव्हाही कळत होता.

गोष्ट फादरांपर्यंत गेली. रविवारी मिसेत ते म्हणाले, ख्रिस्ताचा धर्म बघायचा तर आपल्यातल्या एका बाईचा शेजारधर्म बघा. नाव घेतलं नाही, पण सगळं चर्च माझ्याकडे वळलं. आणि मी? मी ओढणी सारखी केली.

दोन वर्षांनी लक्ष्मी आजारी पडली. कावीळ पोटात उतरलेली, सगळ्यांना काय ते समजलं होतं. अर्थात मी रोज जात होते. एके दिवशी तिने मला जवळ बोलावलं. "सुनंदाक सांग, एकदा येवन जा." मी लगेच निरोप घेऊन गेले. सुनंदा तांदूळ निवडत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "माझो घोव आडवो पडललो तेव्हा तिना एकदा तरी डोकावल्यान? मी जावचंय नाय."

एक वाक्य — अहो, एकच वाक्य. ते माझ्या तोंडात होतं. ते बोलले असते तर सुनंदा हातातलं सूप टाकून धावली असती, हे मला आज वाटतं असं नाही, तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण मग दोन वर्षं हात जोडून माझे उपकार मानणारी सुनंदा माझ्याकडे कशी बघेल? मी गप्प बसले. परत गेले तर लक्ष्मी माझ्या मागे दाराकडे बघत होती. मी सांगितलं, "तिचे पाय दुखतत. उद्या येतली."

ती दोन दिवस दाराकडे बघत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

सुनंदा अजून शेजारीच राहते. आपल्या वाईट दिवसांत रक्ताचं-नात्याचं कुणी आलं नाही, एक ख्रिस्तांव तेवढी आली, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

लक्ष्मीला अंगणात ठेवली होती तेव्हा वाडीतल्या सगळ्या बायकांच्या आधी मी तिथे होते. तिचे केस मी विंचरले. कुणीतरी मागे म्हणालं, "बघा, ख्रिस्तांव आसान सगळ्यांच्या आदी इली." मी मान खाली घातली. लाजेने घातली असं लोकांना वाटलं असेल, तुम्हालाही वाटेल. तसं नव्हतं. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.