आप्पांची जर्मनची होडी

आमच्या आप्पांना पोहता येत नव्हतं. पोहणं राहू द्या, पाण्याकडे तोंड करून बसणंसुद्धा त्यांच्या जिवावर यायचं. कुणाच्या दहाव्याला रामकुंडावर गेले तर वरच्या पायरीवरून वाकून दोन बोटं बुडवायचे, कपाळाला लावायचे, झालं स्नान. हातात कसब म्हणाल तर त्याचाही आनंदच. घरात खिळा ठोकायला घेतला की भिंत आणि अंगठा दोघांनाही लागायचं. असा हा माणूस, माझे सासरे, रिटायर झाल्यावर एके दिवशी छोट्या हत्ती टेम्पोत घालून एक मोडकी होडी घरी घेऊन आला.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात आल्या. अल्युमिनिअमला आमच्याकडे अजून जर्मन म्हणतात. होडीला दोन्ही बाजूंनी पोचे, रिबिटं निखळलेली, तळाला वाळलेलं शेवाळ. आईंनी एकदा होडीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"हे एवढं थोरलं जर्मनचं पातेलं कशाला आणलंत? लग्नाची पंगत घालायची आहे का कुणाची?"

"भाऊसाहेबाची आहे," आप्पा म्हणाले. आईंनी फाटक सताड उघडलं.

भाऊसाहेब म्हणजे आप्पांचे एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रातले जिवलग मित्र. मूळचे सटाण्याकडचे, आवाज असा की दोन गल्ल्या ऐकू जावा. दर रविवारी ही होडी घेऊन दारणा धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकून बसायचे, आणि दर शनिवारी आमच्या फाटकाशी स्कूटर थांबवून हाक द्यायचे, "चाल ना भो उद्या. पाणी काय खाऊन टाकतं का तुला?" आप्पांचं उत्तर ठरलेलं, "येतो की. पुढच्या रविवारी. रीतसर येतो." नोकरी संपली, दोघांचे केस गेले, तो रविवार काही उगवला नाही. मग भाऊसाहेबच गेले, छातीत कळ येऊन, बसल्या जागी. त्यांचा मुलगा होडी भंगारात द्यायला निघाला होता. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेले आप्पा त्याला म्हणाले, "मला दे ती."

आप्पांची सगळी नोकरी रजा विभागात गेली. 'रीतसर' हा शब्द तिथून अंगात मुरला होता. चहासुद्धा त्यांना रीतसर लागायचा, म्हणजे बशीसकट. होडीचंही रीतसर करायचं म्हणून मोबाईलवर कुणा गोऱ्याचे व्हिडिओ बघत बसायचे. मी विचारलं, "आप्पा, कळतं का तो काय बोलतो ते?" म्हणाले, "बोलतो फार भरभर गं. पण हात सावकाश चालतात त्याचे. मी हातांकडे बघतो."

तरी व्हायचा तो घोळ झालाच. तेलकटपणा निघावा म्हणून आप्पांनी गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि अख्खी होडी चोळून काढली. दुपारी बघतात तर होडी काळी ठिक्कर. आई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, जर्मनला सोडा लावतात का कुणी? पातेली मी काय उगाच चिंचेनं घासते?" मग पाटी भरून चिंच भिजली. आई पदर खोचून होडीत उतरल्या आणि आतून घासायला लागल्या, बाहेरून आप्पा. त्या दोघांना एवढा वेळ एका कामाला लागलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आई मधूनच म्हणायच्या, "कोपरे कोण घासणार, भाऊसाहेब?" आणि आप्पा वाकून कोपरे घासायला घ्यायचे.

भेगांसाठी आप्पांनी बाजारातून भांड्यांची भोकं डाग देऊन बुजवणारा माणूस धरून आणला. त्यानं बोटानं टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, जर्मनला डाग धरत नाय." हे वाक्य आप्पांना इतकं पटलं की पुढे कुठल्याही न जुळणाऱ्या गोष्टीला ते लावायला लागले. आमच्या नात्यातलं एक लग्न मोडलं तेव्हाही म्हणाले, "जर्मनला डाग धरत नाही." मग भेगांवर पत्र्याची ठिगळं आणि रिबिटं, असं ठरलं. पहिली पाचपन्नास रिबिटं वाकडी गेली. आप्पा ती काढायचे, परत मारायचे.

गळतं कुठे ते बघायला होडी धरणावर न्यायची असं आप्पांच्या मनात होतं. आई म्हणाल्या, "घागर गळते का ते बघायला गोदावरीत बुडवतात का? आत पाणी भरा." होडी विटांवर ठेवून नळी सोडली. जिथे थेंब दिसेल तिथे आप्पा गेरूनं गोल काढायचे. शेजारचे देशमुख गॅलरीतून म्हणाले, "आप्पा, होडी पाण्यात असते हो, पाणी होडीत नसतं." आप्पा खाली वाकलेलेच म्हणाले, "रीतसर चाललंय."

मी एकदा न राहवून म्हटलं, "आप्पा, एखाद्या वर्कशॉपला देऊन टाका ना. बोटं बघा कशी झालीत." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "सूनबाई, बोलावणं मला होतं. कारागिराला नव्हतं."

आप्पा जाऊन आता वर्ष होत आलं. मला त्यांची फार आठवण येते. पार्किंगमध्ये कुणी काही ठोकायला लागलं की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. आणि दर वेळी तो सकाळचा फुगवटाच डोळ्यांपुढे येतो.

होडी पाण्यात उतरली तेव्हा काठावर आई आणि मी होतो. वल्ही मारायला तिथला काशिनाथ होता, भाऊसाहेबांच्या ओळखीचा मासेमार. तो होडीवरून हात फिरवत म्हणाला, "भाऊसाहेबांचीच हाय ना ही? लय दिवसांनी आली पाण्यात." आप्पांना मी तरंगायचं जाकीट चढवलं. त्यांचे हात थंडगार पडले होते, ओठ पांढरे. मला वाटलं, आता म्हणणार, पुढच्या रविवारी. पण त्यांनी चपला काढल्या, काशिनाथचा खांदा धरला आणि पाय आत टाकला. आईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

होडी दूर गेली. ठिपक्याएवढी झाली. भाऊसाहेब जिथे बसायचे तिथे काशिनाथनं ती बराच वेळ थांबवली. होडीत पाण्याचा थेंब शिरला नाही.

परत आल्यावर मी हात देऊन त्यांना उतरवून घेतलं. ओठांना रंग आला होता, हात उबदार होते. मी विचारलं, "आप्पा, फार भीती वाटली का हो?"

"नाही गं," ते म्हणाले. "अजिबात नाही वाटली."

आणि तिथेच दगडावर बसून उपरण्यात तोंड लपवून ते रडायला लागले. आई शेजारी बसल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळानं आप्पांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"वाटली असती तर बरं झालं असतं, सूनबाई."